कोपरा फाटलेलं कार्ड

आंबेखोल, जि. रत्नागिरी
१४ जुलै २०२५

सौ. वैष्णवीताई यांस,

सप्रेम नमस्कार. ओळख पटते का पाहा. मी सुजय शिवलकर, आंबेखोलच्या पोस्टातला. पाचवीत तुम्ही माझ्या पुढच्या रांगेत बसायचात. तुमचा पत्ता केळशीच्या पोस्टमनकडून मिळवला. आमच्या धंद्यात एवढी ओळख चालते, रागावू नका.

कारण असं की आमच्या गावच्या पोस्टाला यंदा पंचाहत्तर वर्षं झाली. गणपतीत चाकरमानी गावी असतात, म्हणून ३० ऑगस्टला देवळात कार्यक्रम ठेवलाय आणि मंडळ एक स्मरणिका काढतंय. मंडळाचा अध्यक्ष संदेश माझ्या मागे लागलाय की पोस्टाचा इतिहास तूच लिही. आता पोस्टाचा इतिहास म्हणजे आमच्या घराचाच इतिहास. खेड्यातलं पोस्ट ज्याला मिळायचं त्याने स्वतःची जागा द्यायची आणि पोटापाण्याचं स्वतःचं काहीतरी दाखवायचं, अशी तेव्हा अट. आमच्या आजोबांचं, आत्माराम शिवलकरांचं, ओटीवर दुकान होतं. म्हणून पन्नास साली पोस्ट ओटीवर आलं. एका बाजूला साबण, चहापत्ती, सुके बांगडे, दुसऱ्या बाजूला टेबल आणि तारखेचा शिक्का. गावाहून आलेल्या पत्राला सुक्या मासळीचा वास येतो म्हणून मुंबईवाले खोलीत एकमेकांना चिडवायचे. आजोबांनंतर वडील, वडिलांनंतर मी. वास अजून तोच आहे.

पण तुमच्या वडिलांशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. बाबल्याकाकांनी एकोणीस वर्षं रनर म्हणून मोठ्या पोस्टातून आंबेखोलपर्यंत डोंगर चढून टपालाची बॅग आणली. त्यांचा एखादा फोटो मिळाला तर उपकार होतील.

शहात्तर साली जे झालं ते मी विसरलेलो नाही. तुळसाआत्याच्या नवऱ्याच्या आजारपणाचं कार्ड उशिरा आलं. ती मुंबईला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ठपका काकांवर आला, नोकरी गेली आणि तुम्ही सगळे आईच्या माहेरी केळशीला निघून गेलात. मी तेव्हा अकरा वर्षांचा. मोठ्यांच्या गोष्टी मोठ्यांजवळ, असं म्हणून मी आजवर निभावलं.

आत्या आता सत्तर वर्षांची आहे. आमच्याजवळच असते. मी तुम्हाला लिहितोय हे तिला ठाऊक नाही. उत्तर पाठवलंत तर माझ्या नावाने पाठवा.

आपला,
सुजय आ. शिवलकर

(‘आ.’ हे आजोबांचं. वडिलांचं नाव लावायचं सोडून मी आजोबांचं लावतो. गावात सगळे तसंच ओळखतात.)


आंबेखोल
३१ जुलै २०२५

वैष्णवी,

तुझं कार्ड मिळालं. तू लिहिलंस, “फोटो नाही. असता तरी त्या ओटीवर पाठवला नसता. वडील मरेपर्यंत सांगत होते की त्यांनी बॅग वेळेवर आणली. आई अजून आहे. तिला तुझ्या गावाचं नाव चालत नाही.” चार ओळी, खाली सहीसुद्धा नाही. तू मला ‘तू’ म्हटलंस, म्हणून मीही आता ‘तुम्ही’ सोडतो. शिव्या खायच्या तर निदान ओळखीच्या माणसासारख्या खाव्यात.

एक गोष्ट सांगतो. तुला ठाऊक असेलच, तरी सांगतो. आमच्याकडे मयताची बातमी देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडायची रीत होती. कार्ड हातात पडलं की न वाचता कळायचं. वाचून झालं की फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. आता समज, असं कार्ड नेमकं गणपतीत आलं. बातमी कळली की सुतक, आणि सुतक लागलं की मखरातल्या गणपतीला हात लावायचा कोणी? मुंबईहून आलेली माणसं तोंड बघत बसणार. म्हणून लोक आजोबांना आधीच सांगून ठेवायचे, “मास्तर, काय वाईट-वंगाळ आलंच, तर इसर्जनानंतर द्या.” आजोबा अशी कार्डं टेबलाच्या डाव्या खणात टाकायचे. खात्याच्या नियमात हे बसत नाही. पण गावाच्या नियमात बसायचं आणि कोणी कधी तक्रार केली नाही. उलट पाया पडायचे.

आजोबांचा आणखी एक नियम होता. दुसऱ्याचं कार्ड वाचायचं नाही. “कार्ड उघडं असतं, आपले डोळे नसावेत,” म्हणायचे. नावपत्ता बघायचे आणि कोपरा बघायचे, बस्स.

हे सगळं स्मरणिकेत लिहू की नको, ते ठरत नाही. संदेश म्हणतो, गोड गोड लिहा.

तुला एक विचारायचं होतं. काका बॅग वेळेवर आणली म्हणायचे, तेव्हा वार कुठला सांगायचे का? सहज विचारतोय. उत्तराची घाई नाही. जेवण जात नाही हल्ली, पण ते पित्ताचं असेल.

सुजय


आंबेखोल
१२ ऑगस्ट २०२५

वैष्णवी,

“सोमवार. तुला ठाऊक आहे म्हणूनच विचारतोस.”

एवढंच लिहून पाठवलंस. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते तुला तिकडे केळशीत बसून दिसलं. होय, मला ठाऊक आहे. एकवीस जुलैपासून ठाऊक आहे. मागचं पत्र लिहिलं तेव्हाही ठाऊक होतं आणि मी पित्ताच्या गोष्टी सांगत बसलो.

आजोबांना खात्याकडून मिळालेलं प्रशस्तिपत्र भिंतीवर आहे. स्मरणिकेत छापायचं म्हणून मी ते फ्रेममधून काढलं. मागच्या पुठ्ठ्यात एक पोस्टकार्ड होतं. ‘सौ. तुळसाबाई, द्वारा पोस्टमास्तर आंबेखोल.’ डावीकडचा वरचा कोपरा नाही. आमच्या पोस्टाचा शिक्का ३० ऑगस्ट १९७६ चा. मोबाइलवर वार काढून बघितला. सोमवार.

मजकूर मयताचा नाही. आत्याच्या नवऱ्याच्या खोलीतल्या सोबत्याने लिहिलंय की ते चार दिवस इस्पितळात आहेत, तुमची आठवण काढतात, मिळेल त्या गाडीने यावे.

मी तीस वर्षं टपाल हाताळतोय. कोपरा कोणी फाडलेला नाही. गठ्ठा सुतळीने आवळून बांधला की सगळ्यात वरच्या कार्डाची कड सुतळीत कापते. बॅग आपटली की तेवढा कोपरा जातो. त्या कार्डावर सुतळीचा वळ अजून आहे. आजोबांनाही तो ओळखता आला असता. पण आत्या लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला माहेरी आली होती. तिची सासू अंथरुणाला खिळलेली. आजोबांनी कोपरा बघितला आणि त्यांना वाटलं असणार, म्हातारी गेली. पोरीच्या पहिल्या गौरीचा विचका नको. शिक्का मारला आणि कार्ड डाव्या खणात. पाच दिवस.

शनिवारी तार आली, नवरा गुरुवारी गेल्याची. तेव्हा आजोबांनी ते कार्ड उलटून वाचलं असेल. त्या क्षणाचा विचार मी रोज करतो आणि रोज अर्ध्यावर सोडतो.

पुढचं तुला माहीत आहे ते अर्धं. उरलेलं त्यांच्या जबाबाच्या नकलेत आहे. तीही मला त्याच पुठ्ठ्यात मिळाली. साहेब चौकशीला आले तेव्हा आजोबांनी लिहून दिलं की कार्ड तारेबरोबरच शनिवारी आलं, गणपतीत रनरने बॅग कुठे ठेवली होती ते सांगता येत नाही. कार्ड दाखवा म्हटल्यावर सांगितलं की अशुभ कार्ड, रीतीप्रमाणे फाडून टाकलं. साहेबही कोकणातले. त्यांना ते पटलं. बाबल्याकाका गणपतीत भजनाला बसायचे हे सगळ्या गावाने पाहिलं होतं. झालं.

फाडलं म्हणाले, पण त्यांना ते फाडता आलं नाही. दुसऱ्याचं टपाल होतं ना. ह्याचं मला हसू येतं आणि मग कसंतरी होतं. मला आजोबांचा राग येतो, वैष्णवी. आणि त्यांनी मला मांडीवर घेऊन शिक्का मारायला शिकवलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आता लाजेची गोष्ट. स्मरणिकेचा लेख मी पाच तारखेला दिला. त्यात तुझ्या वडिलांचं नावच नाही. संदेशला सांगितलं, फोटो मिळाला नाही. तो म्हणाला, “बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला.” पुस्तक छापायला गेलंय.

आत्याला मी काही सांगितलेलं नाही. तिचा रक्तदाब वाढतो. तिच्या लेखी तिचा बाप म्हणजे देव, आणि तुझा बाप... ती तुझ्या वडिलांना काय काय म्हणते ते मी इथे लिहीत नाही. एकोणपन्नास वर्षं म्हणते आहे. एवढा गणपती होऊ दे. गौरी गेल्या की मी स्वतः सांगेन, कार्ड तिच्या हातात देईन. तोवर तू कोणाला बोलू नकोस. पाया पडतो.

सुजय


आंबेखोल
शुक्रवार, २९ ऑगस्ट २०२५

वैष्णवी,

तू थांबली नाहीस.

काल गुरुवारी, गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, टपालात तुझं कार्ड आलं. माझ्या नावाचं नाही. ‘श्रीमती तुळसाबाई, द्वारा पोस्टमास्तर आंबेखोल.’ मी वाचलं. आजोबांचा नियम माझ्याकडून पाळला गेला नाही. “तुळसाआत्या, तुमच्या नवऱ्याचं कार्ड माझ्या बापाने सोमवारीच आणलं होतं. ते सुजयकडे आहे. मागून घ्या. बाबल्या गोताडची वैष्णवी.”

मी कालच्या तारखेचा शिक्का मारला. आणि हात आपोआप डाव्या खणाकडे गेला. कार्ड आत ठेवून खण सारला, तेव्हा कळलं मी काय केलं ते.

आजचा अख्खा दिवस ते तिथेच आहे. माझ्याकडे कारणांना तोटा नाही. उद्या देवळात कार्यक्रम. आजोबांच्या फोटोला हार आणून ठेवलाय आणि दिवा आत्याच्या हातून लावायचाय. परवा गौरी येणार. घर माणसांनी भरलंय. मी मनात म्हणालो, मंगळवारी गौरी गेल्या की देऊ. आणि म्हणता म्हणता थांबलो. हे वाक्य कोणाचं आहे ते मला ठाऊक आहे.

आत्या समोर बसून गौरीचे मुखवटे चिंचेने घासते आहे. मघाशी म्हणाली, “सुजा, तुजं पोट दुकतंय काय? तोंड बग कसं झालाय.” माझी बायको श्रद्धा दोनदा विचारून गेली की आज टपाल काय आहे का. दोन्ही वेळा मी नाही म्हणालो. दोन्ही वेळा माझा आवाज चांगला स्वच्छ आला, ह्याची मला जास्त भीती वाटते. आजोबांनाही असाच आला असेल.

वाटतं की सांगितलं आणि आत्याला काही झालं तर? वाटतं की नाही सांगितलं आणि उद्या तिने आजोबांपुढे दिवा लावला, तर तिच्या हातून मी आणखी एक पाप घडवलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तू म्हणशील, ह्यात विचार करण्यासारखं काय आहे. तुझ्या घरात नसेलच काही. तुमचं जायचं ते आधीच गेलंय.

हे पत्र अर्ध्यावर टाकून उठतोय. कार्ड द्यायला उठतोय की चहा प्यायला, ते मलाही ठाऊक नाही.


आंबेखोल
शनिवार, ३० ऑगस्ट २०२५, संध्याकाळ

वैष्णवी, हे पत्र आत्याचं आहे. मी फक्त लिहितोय. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही अशी तिने मला गणपतीची शपथ घातली आहे. सु.

वैष्णवीस तुळसाचा आशीर्वाद. घ्यायचा तर घे, नायतर ऱ्हाव दे.

काल दिवेलागणीला सुज्यान तुजं कार्ड माज्या हातात दिलान. मला वाचता येत नाय. म्हटलं, वाच. तो रडाय लागला. म्हटलं, पोस्टमास्तर हायस ना, मोठ्यानं वाच. वाचलान. मग म्हटलं, दुसरं आण. ते पण वाचलान. मी तीनदा वाचून घेतलं. ‘तुमची आठवण काढतात.’ एवढंच मला पाठ झालाय.

मला काय झालं नाय. ह्याला वाटत व्हतं मी मरेन. मरायचं ते मी तेव्हाच मरून झालंय, आता कसली मरतेय.

आज देवळात गेले. बाबांचा फोटो हार घालून ठेवलेला. दिवा लावला नाय. हार पण काढला नाय, माजा बाप हाय तो. फोटोच्या बाजूला हुबी ऱ्हायले आन् माइक घेतला. संदेश म्हणतो, आत्ये, तू बस. म्हटलं, तू बस. सगळ्यांसमोर सांगितलं की बाबल्या गोताडान कार्ड सोमवारी आणलान, माज्या बापान ते खणात ठेवलान, आन् पाप बाबल्याच्या माथी मारलान. छापलेल्या पुस्तकात बाबल्याचं नाव नाय. सुज्या उठला, म्हणाला, ते मी लिवलं नाय, मुद्दाम लिवलं नाय. कोणी टाळी वाजवली नाय. म्हातारी माणसं खाली बगत व्हती. त्यातल्या किती जणांची कार्डं त्या खणात ऱ्हायलेली, ती त्यांनाच ठावक.

बाबांचं सांगते. त्यांनी मला पाच दिवस सुखाचे दिले असं त्यांना वाटलं. त्या पाच दिवसांत मी नवं लुगडं नेसले. गौरीपुढे फुगड्या घातल्या. बायका म्हणत, तुळसे, दम कसा लागत नाय तुला. मी हसत व्हते. आन् तिकडं तो खाटेवर पडून दाराकडं बगत असंल. सुज्या म्हणतो, हे लिवू नको. लिव म्हटलं.

आता तुज्या आयशीचं. तुला आठवतंय काय ते मला ठावक नाय, तू लहान व्हतीस. मी मुंबईहून आले ती तशीच तुमच्या दारात गेले. गंगू तुळशीला पाणी घालत व्हती. मी तिला म्हटलं, तुज्या कपाळाचं पुसलं जाईल तेव्हा तुला कळंल. पोरांसमोर म्हटलं. आठ वर्षांत बाबल्या गेला, हे मला मागाहून कळलं. आन् खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं व्हतं. देवापुढं साखर ठेवली व्हती मी.

ही साखर आज माज्या घशात हाय. गंगूला वाटत असंल, तुळसाची शिवी लागली. चाळीस वर्षं तिला तसं वाटत असंल. ते तिच्या डोक्यातनं काढायला मीच पायजे, पत्रानं नाय व्हायचं. तिला सांगायचाय की माजी शिवी खोट्यावर दिलेली, खोट्यावरची शिवी लागत नाय. तुजा बाप माज्यामुळं मेला नाय. पण तो बदनाम होऊन मेला, ते माज्यामुळं आन् माज्या बापामुळं.

उद्या सकाळच्या गाडीनं मी निघतेय. घरातली सगळी म्हणतायत, उद्या गौरी यायच्या, माहेरवाशीण घराबाहेर कशी जाईल, तीन दिवस थांब. मी एकदा थांबलेय गौरीसाठी.

तुळसा
(अंगठा)


केळशी
रविवार, ३१ ऑगस्ट २०२५, दुपार

वैष्णवी,

कालचं पत्र टपालात टाकलं नाही. टाकलं असतं तर आमच्यानंतर चार दिवसांनी पोचलं असतं. तुझा फोन नंबर तू दिला नाहीस आणि मागायचं तोंड मला नव्हतं. म्हणून सोबत आणलंय, परवाचं अर्धवटही. शहात्तर सालचं कार्ड आत्याच्या कमरेच्या पिशवीत आहे.

कडी दोनदा वाजवली. आतून पावलांचा आवाज आला आणि थांबला. तुम्ही आत आहात हे आम्हाला कळलंय. ज्याचं टपाल त्याच्या हातात द्यावं असा नियम आहे, पण आज दाराखालून सरकवतोय. माझी मागची तीन पत्रं तू कदाचित आईला वाचून दाखवली नसशील. हे वाचून दाखव. आत्याचा मजकूर तिच्यासाठीच आहे. मोठ्याने वाच, म्हणजे आत्यालाही बाहेर ऐकू येईल आणि मी काही बदललं नाही ह्याची तिची खात्री पटेल.

दार उघडायलाच हवं असं काही नाही. आम्ही पायरीवर बसलोय. शेवटची गाडी गेली तरी बसणार आहोत.

सुजय